चेलोचं कर्ज राहू द्या, आधी ते खातं वेगळं करा

प्रश्न : वय ३९. नऊ वर्षं स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो असा चौघांचा संच) चेलो, म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवतो. हातातल्या चेलोचा आवाज कमी पडतो, म्हणून एक जुना चेलो घ्यायचा आहे. किंमत माझ्या वर्षाच्या कमाईच्या साडेचार पट. २० टक्के रक्कम खात्यात आहे, बाकीचं कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी मिळतंय. जुन्या वाद्यांचे भाव वाढतात, त्यामुळे निवृत्तीचीही सोय होईल. एक 'विमा अधिक बचत' योजनाही घेतली आहे. क्वार्टेटचा हिशेब मीच बघतो. मानधन माझ्या खात्यात येतं, हंगाम संपला की चौघांत वाटतो. चेलो घेऊ का?

उत्तर : नको. पण चेलोपेक्षा गंभीर गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे, आधी तिच्याबद्दल.

तुमची वर्षाची कमाई १०० धरू. तुम्ही पाठवलेल्या हिशेबात क्वार्टेटचं मानधन ४०० च्या आसपास आहे. एजंटचे ८० गेले, प्रवास-मुक्कामाचे ८० गेले, उरले २४०. तुमचा वाटा ६०, शिकवण्यांचे ४०. आता खात्यातले ९५ बघा. त्यातले ३५ ही पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम. ते कार्यक्रम अजून वाजायचे आहेत; रद्द झाले तर पैसे परत करावे लागतील. उरलेले ६० चौघांचे, त्यात तुमचे १५. आणि तुम्ही भरायला निघालात ९०! म्हणजे त्यातले ७५ आज तुमचे नाहीतच. तुमचा हेतू वाईट नाही हे पत्रातून दिसतं, पण हंगामाअखेर तिघं आपापला वाटा मागतील तेव्हा पैसे लाकडात अडकलेले असतील. शिवाय सगळं मानधन तुमच्या नावावर जमा होतं, तेव्हा त्यातलं दुसऱ्यांचं किती हे कर खात्याला कागदावर दाखवायची जबाबदारीही तुमच्यावरच येते.

या महिन्यातच क्वार्टेटच्या नावाने वेगळं खातं उघडा, दोन सह्यांचं. आगाऊ रक्कम कार्यक्रम होईपर्यंत त्यातच राहील. कार्यक्रम झाला की खर्च वजा करून महिन्याच्या महिन्याला वाटप.

मग लेखी करार. तुमच्यात तो नाही, 'आमचं घरच्यासारखं आहे' असं तुम्ही लिहिलंय. अमेरिकेतल्या ऑडुबॉन क्वार्टेटने २००० साली पहिल्या व्हायोलिनवादकाला काढलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि उरलेल्या तिघांवर सहा लाख डॉलरहून जास्त रकमेचा निकाल लागला. वाद्यं विकायची पाळी येते की काय, इथवर गोष्ट गेली. म्हणून लिहून ठेवा : कोणी सोडलं तर किती आधी सांगायचं (कार्यक्रम वर्ष-दीड वर्ष आधी ठरतात, तेव्हा चालू हंगाम पूर्ण करणं किमान), काढायचं झालं तर किती मतांनी, नाव कोणाकडे राहील, नोटेशनचा संग्रह आणि रेकॉर्डिंगचं उत्पन्न कोणाचं. आणखी एक. विमानात चेलोला स्वतंत्र सीट लागते, ते पाचवं तिकीट तुम्ही पदरचं काढता. का? चेलोशिवाय क्वार्टेट वाजत नाही. ते तिकीट वाटपाआधीच्या खर्चात गेलं पाहिजे.

आता चेलो. किंमत ४५०, कर्ज ३६०, वर्षाचा हप्ता ४४. तुमचा घरखर्च ६५. बेरीज १०९, कमाई १००. इथेच विषय संपायला हवा. पण भाववाढीची आशा आहे, म्हणून तेही बघू. पंधरा वर्षांत हप्त्यांचे ६६० आणि सुरुवातीचे ९० मिळून ७५० गेले. विकताना डीलरने २० टक्के घेतले तर ७५० हातात यायला चेलो साधारण ९४० ला विकला जायला हवा. म्हणजे दर वर्षी ५ टक्के भाववाढ झाली तर तुम्ही फक्त बरोबरीत, विमा आणि दुरुस्ती वेगळीच. त्यातून चेलोच्या पाठीला साउंडपोस्टपाशी (वाद्याच्या पोटातली आधाराची लाकडी खुंटी) तडा गेला तर दुरुस्ती कितीही उत्तम झाली तरी किंमत कोसळते. विकायला गेल्यावर गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागू शकतं. याला निवृत्तीची तरतूद म्हणत नाहीत.

आणि क्वार्टेट साठीपर्यंत चालेल हे कशावरून? अमेडियस क्वार्टेट त्याच चौघांनी १९४७ पासून चाळीस वर्षं चालवलं. १९८७ मध्ये व्हायोलावादक गेले आणि क्वार्टेट थांबलं.

तुमची ती 'विमा अधिक बचत' योजना : वर्षाला १०, वीस वर्षांनी ३००. परतावा जेमतेम ४ टक्के. हाताची दुखापत त्यात येते असं विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलं. तुम्ही पाठवलेल्या पानावर अपंगत्वाची व्याख्या हात किंवा पाय पूर्ण निकामी होणं, एवढीच आहे. डाव्या हाताची करंगळी वळेनाशी झाली तर तुमचं वाजवणं संपेल, पण कंपनी एक पैसा देणार नाही. वादकाला अशी योजना विकणं ही फसवणूकच आहे. योजना मधेच बंद केल्यास किती मिळतं ते लेखी मागवा. विमा हवा तो 'स्वतःचा व्यवसाय करता न येण्या'चा. आणि हातातल्या चेलोसाठी ठरलेल्या किमतीचा विमा घ्या. गाडीत वाद्य सोडून गेल्यास भरपाई नाही, असं कलम त्यात आहे का ते आधी वाचा.

आवाज कमी पडतो हे तुमचं मूळ दुखणं खरं असेल. आधी चांगल्या लूथियरकडून (तंतुवाद्यं बनवणारा-दुरुस्त करणारा कारागीर) ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, आणि साउंडपोस्ट तपासून घ्या, तारा बदला, ई ते एफ-शार्प या सुरांच्या दरम्यान वुल्फ नोट, म्हणजे नीट न लागता थरथरणारा सूर, घुरघुरते का ते बघा. तरी भागलं नाही तर आजच्या कारागिराचा नवा चेलो पाहा, किंवा संस्थांकडे वापरायला मागा. टोकियो क्वार्टेट २०१३ मध्ये थांबेपर्यंत जी स्ट्रॅडिव्हेरियस (इटलीतल्या प्रसिद्ध जुन्या कारागिराची) वाद्यं वाजवत होतं, ती निप्पॉन म्युझिक फाउंडेशनची होती. अर्जाला रेकॉर्डिंग, पुढच्या दोन हंगामांचं वेळापत्रक आणि विम्याचा कागद जोडा.