क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे

अरे, फाईलचा क्लोन, म्हणजे नक्कल, चुटकीसरशी होतो म्हणून हुरळून जाऊ नकोस. त्यात डेटा हलतच नाही. दोन्ही फायली डिस्कवरच्या त्याच ब्लॉककडे, म्हणजे साठवणीच्या तुकड्याकडे, बोट दाखवतात. ब्लॉक गेला की दोन्ही गेल्या. खरी दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवरच हवी. लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मार आणि घेऊन ये.

ओपनझेडएफएस (डिस्कवर फायली सांभाळणारी फाईल सिस्टीम) वापरतोयस ना, मग आधी व्हर्जन बघ. ऑक्टोबर २०२३ च्या २.२.० मध्ये ब्लॉक क्लोनिंग आलं आणि महिन्याभरात लोकांना कॉपी केलेल्या फायलींत मधेच शून्यं दिसू लागली. २.२.१ मध्ये क्लोनिंग बंद ठेवलं. मूळ दोष मात्र जुनाच निघाला: नुकत्याच लिहिलेल्या भागाला कधीकधी रिकामी जागा समजलं जायचं. तो २.२.२ मध्ये दुरुस्त झाला. अशा वेळी स्क्रब, म्हणजे सगळा डेटा तपासणारी फेरीही गप्प बसते, कारण शून्यं रीतसर लिहिलेली, चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळतो.

म्हणून लिहिणारा प्रोग्रॅम आधी थांबव, सिंक दे, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरेल, मगच क्लोन. नंतर दोन्ही फायलींचा शा-२५६, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, ताडून बघ. दादरला असताना रेंडर संपायच्या आतच मी एका लग्नाचा व्हिडिओ कॉपी केला होता. सप्तपदीच्या चौथ्या पावलालाच तुटला. नवरीच्या आईचा फोन अजून आठवतो!