रुपया घसरला की त्याचे अवमूल्यन झाले?

प्रश्न असा आला आहे: डॉलर महागला की कुठे ‘रुपयाची घसरण’ छापतात, कुठे ‘रुपयाचे अवमूल्यन’. दोन्ही एकच का? आणि पतधोरणाने (म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या पैसा व व्याजदरांविषयीच्या धोरणाने) किंवा सरकारच्या तुटीने रुपया कायमचा स्वस्त होतो का?

एकच नाहीत. घसरण होते, अवमूल्यन केले जाते. ‘अवमूल्यन झाले’ असे आपण म्हणतो खरे, पण ते ‘बदली झाली’ म्हणतो तसेच. करणारा कुणीतरी असतोच. शब्दाच्या शेवटच्या ‘न’वरून हे सिद्ध करू पाहणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. ‘पतन’मध्येही तोच प्रत्यय आहे आणि पडणाऱ्याला कुणी ढकललेले असतेच असे नाही. फरक व्याकरणाने नाही, वापराने ठरला आहे. विनिमय दर सरकार किंवा रिझर्व्ह बँक ठरवून देत असेल आणि तोच अधिकृतपणे खाली आणला, तर अवमूल्यन. बाजारात डॉलरची मागणी वाढून भाव हलला, तर घसरण.

या अर्थाने स्वतंत्र भारतात अवमूल्यने तीनच वेळा झाली: सप्टेंबर 1949मध्ये पौंडापाठोपाठ, 6 जून 1966 रोजी आणि जुलै 1991मध्ये. मार्च 1993पासून दर बाजारात ठरतो. त्यानंतरच्या कुठल्याही पडझडीला अवमूल्यन म्हणणे चूकच.

1991चे अवमूल्यन दोन टप्प्यांत झाले, 1 आणि 3 जुलैला. दुसरा टप्पा थांबवावा असे पंतप्रधान नरसिंह राव यांना वाटू लागले. अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन केला, तोवर नवा दर जाहीर होऊन गेला होता. वेळेवर गेलेल्या फोनने जे थांबू शकले असते ते अवमूल्यन. घसरण फोनने थांबत नाही.

1966च्या आकड्यांतही एक गंमत आहे. डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. कुणी लिहितो 36.5 टक्के अवमूल्यन, कुणी 57.5 टक्के, आणि वाद घालतात. दोघेही बरोबर आहेत. रुपयाची डॉलरमधली किंमत 36.5 टक्क्यांनी उतरली, डॉलरची रुपयातली किंमत 57.5 टक्क्यांनी चढली. टक्के लिहिताना कशाचे ते लिहावे, एवढेच.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला जास्त मोलाचा वाटतो. त्यासाठी ‘वास्तव विनिमय दर’ हा शब्द लागेल: दोन देशांतले भाव हिशेबात धरून काढलेला दर. समजा डॉलर 80 रुपयांचा आहे आणि सदरा 800 रुपयांना. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला तो 10 डॉलरना पडतो. डॉलर 88 झाला की काही दिवस तो स्वस्त वाटेल. पण इथली महागाई वाढून सदरा 880ला गेला आणि तिकडचे भाव जागेवरच राहिले, तर पुन्हा तेच 10 डॉलर. पतधोरण सैल ठेवून, पैसा वाढवून रुपया स्वस्त केला तर दीर्घकाळात साधारण हेच होते. नुसत्या आकड्यातला रुपया खाली जातो, वास्तव दर फिरून मूळ जागी येतो. (‘पतधोरण’ हे नाव रिझर्व्ह बँक हंगामनिहाय पतपुरवठ्याचे धोरण जाहीर करी त्या काळचे. काटेकोर शब्द ‘चलनविषयक धोरण’, पण रूढ झालेल्या शब्दाशी माझे भांडण नाही.)

सरकारी तुटीचे तसे नाही. सरकार उसनवारी करून खर्च करते तेव्हा देशाची एकूण बचत घटते आणि व्याजदर चढतात. भांडवलाला दारे उघडी असतील तितका बाहेरचा पैसा येतो आणि आधी रुपया उलट वधारतो. निर्यात महागते, आयात फोफावते, चालू खात्यावर, म्हणजे परदेशांशी चालणाऱ्या देवघेवीच्या हिशेबात, तूट दिसते. पुढे त्या कर्जाचे व्याज बाहेर जाऊ लागले की ते फेडण्यापुरती निर्यात वाढवावी लागते, आणि त्यासाठी रुपया वास्तव अर्थाने स्वस्त व्हावा लागतो. म्हणजे वास्तव दराचा दूरचा मुक्काम तिजोरीच्या हिशेबाने हलतो, छापलेल्या नोटांनी नाही.

1966 आणि 1991 शेजारी ठेवून पाहा. 1966ला निर्यातीची अनुदाने त्याच दमात काढून घेतली, तागासारख्या मालावर निर्यातकर बसवला, त्यात लागोपाठ दुष्काळ. धान्य महागले आणि अवमूल्यनाचा बराचसा फायदा तिथेच जिरला. 1991ला केंद्राची राजकोषीय तूट (उसनवारीने भरून काढावा लागणारा खर्च) देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे 8 टक्क्यांवरून वर्षभरात 6 टक्क्यांच्या आसपास आणली, आयात परवान्यांची गुंतागुंत सोडवली. ते अवमूल्यन टिकले. दर बदलणे हे एका सकाळचे काम, तो वास्तवात टिकवणे अंदाजपत्रकाचे.

‘डिप्रिसिएशन’चे भाषांतर करताना काही जण ‘रुपयाचा घसारा’ लिहितात. घसारा यंत्राचा, इमारतीचा, ताळेबंदात धरायचा. रुपयाला तो लावू नये. उलट दिशेला बाजारात भाव चढला तर ‘रुपया वधारला’, ठरवून चढवला तर ‘पुनर्मूल्यन’.

राहिला मधला प्रकार. दर बाजारात ठरतो, पण रिझर्व्ह बँक डॉलर विकून पडझड आवरत असते आणि कधी मुद्दाम हात आखडता घेते. तेव्हा ‘रुपया घसरू दिला’ असे लिहावे. ‘देणे’ हे सहायक क्रियापद इथे कर्त्याला लपू देत नाही.