निपाणी-चिकोडीकडे म्हशींना उसाचं वाढं आणि कडबाच असतो; मिथेन कमी करणारं खाद्यपूरक दिल्यास उपयोग होतो का?

होतो, पण दूध लगेच वाढेल या हिशेबानं ते घेऊ नका. कोटीपोटात, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबताना हायड्रोजन सुटतो, तिथले सूक्ष्मजीव त्याचा मिथेन वायू करतात आणि तो बहुतेक सगळा ढेकरेतून बाहेर जातो. खाद्यातली 2 ते 12 टक्के ऊर्जा अशी वाया जाते. नुसत्या वाढ्या-कडब्यावरच्या जनावरात हे नुकसान जास्त.

आपल्याच राज्यात, कर्नाटकात, बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिन (झाडपाल्यातलं तुरट द्रव्य) असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक तयार केलं आहे. त्यानं मिथेन 17 ते 20 टक्के घटतो, असं संस्था सांगते. युरोपात 2022 मध्ये मंजूर झालेल्या ‘थ्री-एनओपी’ या रासायनिक पूरकानं दुभत्या गाईंत साधारण 30 टक्के घट होते, मात्र ते रोजच्या खाद्यात नीट मिसळावं लागतं. सकाळी गव्हाणीत वाढं टाकून मोकळं होण्याची पद्धत असेल तिथं ते अवघडच.

टॅनिनचं प्रमाण वाढलं तर जनावर खाणं कमी करतं, प्रथिनंही नीट पचत नाहीत. म्हणून अंदाजानं मूठभर टाकू नका, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा. कोटीपोट तयार न झालेल्या लहान रेडकांना देऊच नका. माझं स्पष्ट मत: आधी वाढ्याची कुट्टी, थोडा हिरवा द्विदल चारा आणि खनिज मिश्रण सुरू करा, पूरक त्यानंतर.