मॉरिशसला समुद्रकिनारे सोडून काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की आई-बाबांना घेऊन सात दिवस मॉरिशसला चाललोय, बोटीच्या सहली आणि किनारे सोडून तिथल्या माणसांचं, चालीरीतींचं काही अनुभवता येईल का. येईल, अगदी भरपूर. मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्या वेळी मुक्काम किनाऱ्यावरच्या हॉटेलात होता आणि दिवस संपले तरी आपण नेमके कुठल्या देशात आलोय हे कळलं नव्हतं. त्याची चुटपुट लागली म्हणूनच पुन्हा गेलो.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटापासून, म्हणजे भारतातून आलेले मजूर उतरायचे त्या जुन्या धक्क्यापासून. तुम्हीही तिथूनच करा, असा माझा आग्रह आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर या बंदरात उतरले. गुलामगिरी संपत आली होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर आली. बहुतेक बिहार आणि आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली, त्यांच्याखालोखाल तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेली आपली मराठी माणसं, त्यांतली बरीचशी कोकणातली. घाटावर बघायला तसं थोडंच उरलंय. दगडी भिंती, आजाऱ्यांची खोली, स्वयंपाकघराचे अवशेष आणि बंदरातून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. त्या पायऱ्यांपाशी मात्र घाई करू नका. कित्येक आठवडे बोटीत काढलेला माणूस बोचकं उचलून इथूनच वर आला, आणि वर पोचल्यावर त्याला एक क्रमांक मिळाला. शेजारच्या माहिती केंद्रात ही सगळी कहाणी नीट मांडलेली आहे. २००६ पासून घाट जागतिक वारसा यादीत आहे. रविवारी बंद असतो, तेवढं लक्षात ठेवून बेत आखा. आई-बाबांना इतिहासात रस असेल तर मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेतही न्या. मजुरांच्या नोंदी आणि फोटो तिथे जपून ठेवलेत.

हे पाहून बाहेर पडलात की बेटावरची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागते. नोटेवर इंग्रजीशेजारी तमिळ आणि देवनागरी का आहे, ते कळतं. बाजारातल्या भाजीच्या लोणच्याला ‘अशार’ का म्हणतात, तेही.

खाण्याकडे येतो, कारण संस्कृती सगळ्यात आधी जिभेला कळते. घाटापासून चालत सेंट्रल मार्केटला जा आणि जिथे स्थानिक लोकांची रांग असेल तिथे उभे राहून ‘डाल पुरी’ घ्या. शिजवून वाटलेली पिवळी डाळ भरलेली पातळ, मऊ पोळी. समजा, गूळ न घातलेली पुरणपोळीच. विकणारा झाकणाखालच्या चळतीतून दोन पोळ्या उचलतो (नेहमी जोडीनेच मिळतात), वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, ‘रुगाय’ म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा आणि चटणी फासतो, गुंडाळी करून कागदात बांधतो आणि तुमच्या हातात देतो. सगळं काही सेकंदांत. त्याने ‘पिमां?’ असं विचारलं तर तो मिरचीबद्दल विचारतोय. हो म्हणण्याआधी जरा विचार करा, तिथली मिरची खरंच जहाल असते. सोबत ‘गातो पिमां’, म्हणजे डाळीचे छोटे वडे, आणि सब्जा घातलेलं थंड दूध, ‘आलूदा’. माझी आई बाहेरचं खायला नेहमी का-कू करते, पण तिने तिथे दुसरी जोडी मागून घेतली.

सेगा हे बेटाचं खरं गाणं. आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते घडवलं. हॉटेलात रात्रीच्या जेवणाबरोबर दाखवतात तेही बघा, पण त्यावर थांबू नका. रविवारी एखाद्या सार्वजनिक किनाऱ्यावर जा. सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं पातेली घेऊन आलेली असतात आणि दुपार कलली की कुणीतरी ‘रवान’ बाहेर काढतं. लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं हे मोठं डफासारखं वाद्य. वाजवण्याआधी ते शेकोटीवर धरतात, कातडं तापून ताणलं जातं, मधूनमधून टिचकी मारून आवाज पाहतात, पटला की मगच सुरुवात. नाचणाऱ्यांचे पाय जमीन सोडत नाहीत, वाळूवर घसटत पुढे-मागे जातात, सगळा डौल कमरेत आणि हातांत. आम्ही बाजूला उभे होतो, तर एका आजींनी हाताला धरून ओढलंच. फोटो काढायचे तर आधी विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत.

नैर्ऋत्य टोकाचा ल मॉर्न डोंगरही याच कहाणीचा भाग आहे. पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारींत लपून राहत. माथ्याची चढण अवघड आहे, आई-बाबांना नेऊ नका. पायथ्याचं स्मारक मात्र सगळ्यांना जमेल.

गंगा तलाव बहुतेक सगळे जातातच. ज्वालामुखीच्या विवरातलं तळं आणि ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती. उंचावर असल्याने थंडी आणि धुकं असतं, शाली न्या. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी सजवून चालत येतात. तारखा तुमच्या हातात असतील तर तो सोहळा चुकवू नका.

किंवा मग गणपतीत जा. गणेशचतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते! मराठी वस्त्यांत त्या दिवसांत जाखडी नाचतात, तीच, आपल्या कोकणातली. तिथल्या मराठी लोकांची घरातली भाषा आता बहुधा क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली असते, त्यामुळे गप्पा मराठीत होतीलच असं नाही. आम्ही गेलो तेव्हा देवळात एक काकू आरती पूर्ण पाठ म्हणत होत्या, ‘र’ अगदी फ्रेंच वळणाचा, शब्द मात्र एकही चुकला नाही. नंतर बोलायला गेलो तर मराठीत पाच-सहा वाक्यांपुढे त्या अडखळल्या आणि ओशाळल्या. कृपा करून अशा वेळी कुणाचे उच्चार सुधारू नका. शंभर-दीडशे वर्षं समुद्रापलीकडे राहून त्यांनी जे टिकवलंय, ते ऐकताना माझ्या बाबांचे डोळे भरून आले होते.

सोमवार मोकळा असेल तर माहेबूरचा आठवडी बाजार करा, आणि त्याच गावात कसाव्याची (ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्याची) बिस्किटं हाताने बनवणारा जुना कारखाना आहे, तोही बघा. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, ते शक्यतो टाळा. आणि आई-बाबांना ‘बॉन्झूर’ (नमस्कार) आणि ‘मेर्सी’ (आभार) एवढे दोन शब्द आधीच शिकवून ठेवा, दुकानात शिरताना पहिला म्हटला की समोरचा माणूस लगेच मोकळेपणाने बोलू लागतो.