जुनी पिकअप घेताय? तिने काय वाहिलं ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओतूरजवळ राहता, आठवड्यातून दोनदा टोमॅटो नारायणगावला न्यायचा, बाकीचे दिवस रोज तीसेक किलोमीटर येणं-जाणं, मधूनमधून आईंना दवाखान्यात न्यायचं. बजेट साडेचार लाख. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योधा की अशोक लेलँडची दोस्त, भरवशाची कुठली?

मी चौदा वर्षं पिकअप चालवतोय. तीन घेतल्या, तिन्ही जुन्याच, आणि त्यातल्या एकीने चांगलंच रडवलं. कंपनीचं विचाराल तर आपल्या भागात बोलेरो. तिचं २५२३ सीसीचं इंजिन खोलून बसवणारा मिस्त्री प्रत्येक फाट्यावर सापडतो आणि सामान अडून राहत नाही, एवढंच कारण. दोस्त तीन सिलिंडरची, दीड लिटरची. गल्लीबोळात वळवायला सोपी, डिझेलही कमी पिते, पण भरलेल्या गाडीने चढ आला की गिअर टाकत बसावं लागतं. योधा ओळखीतल्या माणसाची मिळाली तर जरूर घ्या.

एवढं झालं की कंपनी विसरा आणि समोर उभ्या असलेल्या गाडीने आजवर काय वाहिलं ते शोधून काढा. टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा. दीड टन पासिंगच्या, म्हणजे कागदावर तेवढाच माल भरायची परवानगी असलेल्या गाडीत हिशोबाने ७५ क्रेट बसतात, रिकाम्या क्रेटचं वजन धरलं तर त्याहून कमी. सीझनला मार्केटच्या गेटवर उभं राहून मोजा, म्हणजे कळेल लोक किती भरतात. तरी भाजीची गाडी परवडली. विटा, खडी वाहिलेली असेल तर किंमत कितीही पाडली तरी नको.

माझी दुसरी गाडी एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी पासिंगची होती. रंग नवा, टायर नवे, सीट कव्हरवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. विकणारा म्हणाला, "आंब्याची गाडी आहे शेठ, दोन महिने चालते, दहा महिने उभी." घेतली. सात महिन्यांनी कांदा भरून आळेफाट्याला जाताना मागे धाडकन आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगाला बसली. उतरून बघतो तर पाट्याचं (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचं) हँगर चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या तुकड्यासकट लोंबत होतं. वेल्डरने त्याच्या शेजारी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो पापड मोडावा तसा आत गेला. मासळीची गाडी होती ती. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चेसीवर ठिबकलेलं, आणि वरून काळा रंग मारलेला. हौद्यातलं रबर उचललं असतं तर निदान वास तरी आला असता, पण मी नव्या टायरांकडे बघत बसलो.

तेव्हापासून गाडी बघायला जाताना खिशात छोटी हातोडी असते. खाली झोपून चेसीवर पुढून मागे ठोकत जायचं, पाट्यांच्या हँगरपाशी जास्त. खणखण वाजली तर ठीक, बद्द वाजली की उठून कपडे झटकायचे. मालक कुरकुर करेल, करू द्या. तिथेच पाटेही मोजा. जादा पाटा टाकलेला दिसला तर ती गाडी ओव्हरलोडच चालली, मीटर काहीही सांगो. मीटरवर तसाही माझा विश्वास नाही. क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा.

इंजिनासाठी सकाळी लवकर, न सांगता जा. बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुमच्या आधी कोणीतरी स्टार्ट करून ठेवलंय, चहा पिऊन परत या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठली पाहिजे. सुरुवातीचा थोडा धूर चालतो, पण निळा धूर थांबतच नसेल तर ती ऑइल खाते. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. झाकण थडथड उडत असेल आणि आतून धूर येत असेल तर मिस्त्री म्हणतात तसं ती 'बॅक' मारतेय, म्हणजे लवकरच इंजिनाचं काम निघणार. मग चालवून बघा. साठच्या स्पीडला ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून हूंऽऽ असा आवाज आला तर क्राउन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला मोठा गिअर गेलाय.

तुमच्या बजेटमध्ये एप्रिल २०१७ ते मार्च २०२० दरम्यानची, धुराच्या जुन्या बीएस-४ नियमातली गाडी बघा. त्यानंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर येतो, आणि गाडी नुसती गावातल्या गावात फिरली की तो चोंदतो. जुन्या गाडीत ते दुखणं विकत कशाला घ्या?

कागदांचं सांगतो. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी लागतं आणि पर्यावरण करही येतो. थर्ड पार्टी विमाच वर्षाला सोळा हजारांच्या आसपास जातो. कारच्या विम्याच्या हिशोबाने बजेट धराल तर फसाल. एकूण वजन तीन हजार किलोच्या वर असेल तर परवानाही लागतो, आरसीवर आकडा बघा. लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं असलं तरी चालतं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ७५०० किलोपर्यंतच्या गाड्यांसाठी तसं स्पष्ट केलंय. नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून बोजा (गाडीवरचं कर्ज) आणि दंडाची चलनं बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनपुढे एक रुपया देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर झाल्या पाहिजेत.

राहिलं आईंचं. रिकामी पिकअप खड्ड्यात उडते, मागचे पाटे दीड टनासाठी केलेले असतात. मी रिकाम्या दिवशी हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर पेंडीची दोन पोती बांधून ठेवतो, बराच फरक पडतो. आणि केबिन उंच आहे, म्हाताऱ्या माणसाला चढवत नाही. डाव्या दाराखाली वेल्डरकडून एक जादा पायरी करून घ्या, माझी आई पहिल्या दिवसापासून त्याच पायरीवर पाय ठेवून चढते.