तिसऱ्या गड्याचं काय करायचं

बाळा,

रविवारी रात्री पावणेबाराला टाकलेला तुझा मेसेज मी सोमवारी सकाळी चहा पिताना वाचला. ‘सर, मला कुणी मोकळं खेळूच देत नाही.’ खाली २१ सेकंदांचा व्हिडिओ. उजवीकडे बॉल घेतलास, पहिल्याला खांदा दाखवून आत वळलास, दुसऱ्याच्या पायांमधून नट काढलास, आणि तिथेच व्हिडिओ संपतो. मागे कुणीतरी ‘आईशप्पथ!’ म्हणून ओरडलेलं ऐकू येतं. तो आवाज माझा आहे. तुझा मित्र माझ्या शेजारीच उभा राहून शूट करत होता. त्यामुळे बाविसावा सेकंदही मी पाहिलाय.

बाविसाव्या सेकंदाला तिसरा आला, त्यानं नुसता पाय पुढे केला आणि बॉल गेला. तू सेंटर सर्कलच्या थोडासा पुढे होतास. तुझ्या भरवशावर आपला राइट बॅक वर धावत आला होता, त्याची सगळी जागा मागे उघडी. तीन पासांत आपण गोल खाल्ला. पाच मिनिटांनी तुझ्या नंबरची पाटी वर गेली आणि तू बाटलीला लाथ मारून बसलास.

(ज्या मैदानावर हे झालं त्याचं नाव कधी नीट वाचलंस का? नेव्हिल डिसोझा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा आपला मुंबईचा माणूस, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. भारत त्या वर्षी चौथा आला होता. विषय सोडून झालं, पण तुम्ही पोरं त्याच्या नावाच्या मैदानात बाटल्यांना लाथा मारता म्हणून सांगितलं.)

उत्तर मोबाइलवर टाइप करायला बसलो होतो. अंगठ्यानं दोन ओळींच्या पुढे माझी गाडी जात नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लावून घे.

आधी हिशेब. मॅच बघताना मी विजेच्या बिलाच्या मागे रेघोट्या मारत होतो. तू बाहेर जाईपर्यंत बॉल तुझ्याकडे ३१ वेळा आला. त्यातल्या २४ वेळा तू मान वर केलीस ती बॉल पायात आल्यानंतर. सात वेळा तू बॉल यायच्या आधीच खांद्यावरून मागे पाहिलं होतंस. त्या सातांत दोन शॉट निघाले, बॉक्सच्या तोंडावर एक फ्रीकिक मिळाली, आणि डावीकडच्या पोराला तू तो लांब पास दिलास, ज्यावर त्यांचा कीपर जागचा हललाही नाही. आकडे माझे आहेत, चूकभूल द्यावी घ्यावी. पण त्या सात वेळा तुला कुणी अडवलं होतं का, आठवून बघ. बॅक तेच होते, मैदान तेच होतं. मोकळीक बॉल यायच्या आधी मिळते. बॉल पायात आल्यावर जी उरते, ती समोरच्यानं ठेवलेली असते.

मागे कधी बघायचं हे तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही, यात तुझा दोष नाही. आम्ही कोच लोक नुसतं ‘बघ, बघ’ म्हणून बोंबलतो. बॉल आपल्या दोघा खेळाडूंमध्ये प्रवासात असतो ना, म्हणजे स्टॉपरनं मारलाय आणि हाफकडे (मधल्या फळीतल्या गड्याकडे) अजून पोचायचाय, तो एक-दीड सेकंद फुकटचा असतो. त्या वेळात बॉलला कुणी हात लावू शकत नाही, मग त्याच्याकडे टक लावून काय मिळणार? तेव्हा मान फिरव. हाफनं बॉल थांबवला की पुन्हा बॉलकडे. त्यानं तुला मारला की तो येता येता आणखी एकदा, झटकन. फोटो काढल्यासारखं. आणि बॉल लांबच्या पायावर घे, म्हणजे छाती मैदानाकडे उघडी राहते. तू जवळच्या पायावर घेतोस, पाठ बॅककडे जाते, आणि तो तुझ्या शर्टावरचा नंबर वाचत बसतो.

दुसऱ्याला काढलंस ते मात्र अस्सल होतं, हेही लिहून ठेवतो. त्याचं वजन डाव्या पायावर जाईपर्यंत तू थांबलास. अर्धा क्षण. बॉल पायाखाली जवळजवळ मेल्यासारखा. मग त्याचा उजवा पाय उचलला गेला आणि तू बॉल सोडलास. मी बारा वर्षं बँकेच्या टीमकडून मुंबईच्या हार्वूड लीगमध्ये विंगला खेळलो, मला ते थांबणं कधी जमलं नाही. मी नुसता पळायचो. त्यामुळे ‘ड्रिबलिंग बंद कर’ असं मी तुला सांगेन या भीतीनं वाचत असशील तर ती भीती काढून टाक.

ते मी एकदा करून बसलोय. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे वडाळ्याचा एक पोरगा होता. तुझ्यापेक्षा बारीक, डावखुरा, बॉल पायाला शिवल्यासारखा. मी त्याच्यावर एक अख्खा सीझन ‘दोन टच! दोन टच!’ ओरडलो. सीझनअखेर त्याचे पास एकदम नेमके झाले, चुका कमी झाल्या, आणि तो मैदानावर दिसेनासा झाला. खरंच सांगतो, मॅच संपल्यावर मला आठवायला लागायचं की हा खेळला का. पुढच्या पावसाळ्यात त्यानं येणंच सोडलं. एकदा स्टेशनवर भेटला, हसून नमस्कार केला, फुटबॉलचं नावही काढलं नाही. त्याच्या चुका मी बंद केल्या, पण चूक करायची जागा कुठली आणि न करायची कुठली, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. मलाच तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

खरं म्हणजे ठाऊक असायला हवं होतं, कारण ते घरातच होतं. माझे वडील गिरणीत होते. पहिली पाळी सुटली की नायगावला थेट कबड्डीच्या मैदानात. चढाईचे गडी होते ते. लहानपणी मी चढाई करून आलो आणि गडी मारल्याच्या आनंदात उड्या मारायला लागलो की ते एकच विचारायचे, ‘हात लावलास तेव्हा मध्यरेषा किती लांब होती?’ मला राग यायचा. गडी मारला ना, मग रेषेचं काय? पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. एकाला हात लागला की निघायचं. दुसराही मिळतोय असं वाटतं, नेमकं तेव्हाच कोपऱ्यातला घोट्यावर टपलेला असतो. पकड झाली की पहिल्या गुणाचा आनंदही धुऊन जातो. मात्र हेच वडील कधी कधी ‘आज रेषा विसर, आत घुस’ असंही म्हणायचे. डाव कुठे आहे, वेळ किती उरलाय, समोर किती गडी आहेत, यावर सगळं. आता टीव्हीवरच्या कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटूच बाद. तिथे शहाणपणानं परतलास तरी मेलास.

तुझी ती धाव ३१ व्या मिनिटाची. स्कोअर ०-०. तुझी मध्यरेषा कुठे होती?

मोठ्या मॅचचं मैदान साधारण १०५ मीटर लांब. त्यांच्या कॉर्नर फ्लॅगपाशी तू बॉल घालवलास तर त्यांना जवळजवळ अख्खं मैदान चालत यायचंय, तोवर आपले सगळे बॅक परततात, पाणीही पिऊन होतं. जिथे घालवलास तिथून आपला गोल साठेक मीटरवर, आणि मध्ये उरले होते फक्त दोन स्टॉपर. त्यात गणित बघ. तुझ्यावर एक आला तर एकास एक. दुसरा आला म्हणजे आपला कुणीतरी मोकळा झाला. तिसरा आला तो तर आपल्या स्ट्रायकरला उघडा सोडून आला. मी पाहिलं, स्ट्रायकर डावीकडे दोन्ही हात वर करून उभा होता, ओरडून घसा बसला असेल बिचाऱ्याचा. दोघांना काढून तू त्याच्यासाठी दरवाजा उघडलास आणि उंबऱ्यावरच उभा राहिलास.

टर्फनं तुमची ही सवय बिघडवलीय असं माझं मत आहे, कोणी मानो न मानो. पाच-पाच जणांच्या पिंजऱ्यात बॉल जाळीला आपटून परत येतो. चूक पचते. आम्ही परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जुलैच्या चिखलात खेळायचो. बॉल डबक्यात बसायचा, आपण तीन पावलं पुढे, आणि मागे वळून बघतो तर समोरचा बॅक आरामात तो उचलून नेतोय. त्या चिखलानं आम्हाला तालीम दिली नाही, पण डबकं कुठे आहे ते आधी बघायला लावलं.

आता मॅराडोना. तुझ्या वॉलपेपरवर आहे म्हणून त्याचंच सांगतो. २२ जून १९८६, वर्ल्ड कप, मेक्सिकोचं अझ्टेका मैदान, अर्जेंटिनासमोर इंग्लंड. मैदानाच्या स्वतःच्या अर्ध्या भागात साथीदार एन्रिकेकडून बॉल घेतला आणि साधारण दहा सेकंदांत गोल. (एन्रिके पुढे गमतीनं म्हणायचा, असा पास दिल्यावर गोल होणारच.) हे तुला पाठ असेल. त्याच्या आधीचं ऐक. १३ मे १९८० ला वेम्ब्लीवर, इंग्लंडविरुद्धच, त्यानं जवळजवळ अशीच धाव घेतली होती. कीपर पुढे आला, यानं बाजूनं मारला, बॉल खांबाजवळून बाहेर. त्यावर धाकट्या भावानं त्याला झापलं की मारायला कशाला गेलास, कीपर बाहेर आला होता, त्यालाही चकवायचं होतंस. हे मॅराडोनानं स्वतःच पुढे आत्मचरित्रात सांगितलंय. सहा वर्षांनी इंग्लंडचा कीपर शिल्टन पुढे आला तेव्हा त्यानं मारला नाही, वळसा घातला. तू ज्याला अंगातली जादू म्हणतोस, तिच्यात सहा वर्षं जपलेली एक दुरुस्ती होती, आणि तीही घरच्या पोरानं केलेली.

त्या ८६ च्या धावेत पलीकडून त्याचा साथीदार व्हाल्दानो मोकळा येत होता. व्हाल्दानोनं नंतर सांगितलंय की मॅच झाल्यावर मॅराडोना त्याला म्हणाला, तू मला दिसत होतास, तुला द्यायचा होता, पण वाट सापडेना. विचार कर. अंगावर इंग्लंडचे बॅक लोंबकळतायत, आणि हा माणूस तिकडे पास शोधतोय! पास सापडला नाही म्हणून तो ड्रिबल होता.

बरोबर सात दिवसांनी, २९ जूनला, त्याच मैदानावर फायनल. पश्चिम जर्मनी ०-२ वरून २-२ वर आलेली. जर्मनीचा मॅथाउस बराच वेळ मॅराडोनाच्या पाठीला चिकटलेला. शेवटची थोडी मिनिटं उरली असताना मधल्या भागात बॉल मॅराडोनाकडे आला, भोवती जर्मनांचं कडं. मागच्या रविवारी ज्यानं अख्खी इंग्लंड टीम फिरवली, त्यानं या वेळी एकालाही काढलं नाही. एका टचमध्ये बॉल त्यांच्या मागच्या रिकाम्या जागेत टाकला. त्याचा साथीदार बुरुचागा पळाला, ३-२. फायनलमध्ये मॅराडोनाच्या नावावर एकही गोल नाही. त्या पासचं रील तू मला अजून कधी पाठवलेलं नाहीस.

तुझ्या टीमच्या कोचबद्दल मी काही बोलणार नाही. तुला बाहेर काढणं बरोबर की चूक, तो त्याचा डाव आहे. पण रुसून बसण्यापेक्षा त्याला सरळ विचार, ‘सर, मी कुठे एकटा गेलेलं चालेल?’ बहुतेक तो म्हणेल, त्यांच्या हाफच्या शेवटच्या भागात, टचलाइनकडे, एकच बॅक असेल तर. तसं म्हणाला तर तिथे पास शोधत बसू नकोस, जा त्याच्या अंगावर. बॉक्समध्ये तर नक्कीच जा, तिथे पेनल्टीच्या भीतीनं बॅक पाय घालायला कचरतो. आपण एका गोलनं मागे आणि पाच मिनिटं उरलीत, तर कुठूनही जा, मी झाडाखालून ओरडेन. आणि जिथे तो नाही म्हणेल तिथे घेऊन, बघून, देऊन मोकळा हो आणि पुढे पळ. दिलेला बॉल तुझ्याकडेच परत येतो. तुझ्यासारख्याला न देऊन ते जातील कुठे?

एक सवय मात्र आजपासून. बॉल गेला की तू हात पसरून रेफ्रीकडे बघतोस. रविवारी तीनदा बघितलंस. त्या तीन-चार सेकंदांत ज्यानं हिसकावलाय त्याची मान अजून खाली असते, तेव्हाच त्याच्या अंगावर गेलास तर निम्म्या वेळा बॉल परत मिळेल. रेफ्रीकडून काही मिळत नाही, मला तरी बारा वर्षांत मिळालं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहाला ये, साडेसहाला नाही. तिघांना बॅक म्हणून उभं करतो. एकच खेळ खेळू. बॉल तुझ्याकडे निघाला की मी मागून बोटं दाखवणार, एक, दोन किंवा तीन, आणि बॉल पायात यायच्या आधी तू आकडा ओरडायचा. चुकलास तर ड्रिबल नाही, सरळ माघारी पास. बरोबर सांगितलास तर पुढे तुझी मर्जी, तिघांना काढ नाहीतर काय हवं ते कर.

आणि डाव्या बुटाचा तळ पुढून सुटलाय तुझा. रविवारी वळताना तो दोनदा अडकला, मी बघितलं. परळ स्टेशनबाहेर मोची बसतो, त्याच्याकडून जाड दोऱ्यानं शिवून घे. नुसता चिकटवू नकोस, पहिल्या पावसात निघतो.

तुझा,
सर