ओढ दिसते ती तळहातात

प्रश्न: आमच्या सिनेमंडळात हंगेरियन दिग्दर्शिका इल्दिको एन्येदी यांचा 'ऑन बॉडी अँड सोल' दाखवला. एक ज्येष्ठ सभासद मध्येच उठले. म्हणाले, 'प्रेमकथा म्हणून बोलावलंत अन् कत्तलखाना दाखवलात.' त्याआधी मिक्लोश यान्चो यांचा 'रेड साम' पाहिला होता. त्यात बायका विवस्त्र दिसतात, पण कामुक काहीच वाटलं नाही. हंगेरियन सिनेमाला शृंगाराचं वावडं आहे का?
– एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर: वावडं मुळीच नाही, ताई. यान्चोंच्या सिनेमात उघडा देह बहुतेकदा सत्तेसमोर उभा असतो. १९६६च्या 'द राउंड-अप'मध्ये सैनिक एका तरुणीला विवस्त्र करून दोन रांगांमधून पळवतात, फटके मारतात. तिथं शृंगार शोधायचाच नसतो. 'रेड साम'मधल्या बायका शेतमजुरांच्या बंडात आहेत, त्यांचा देह हे त्यांचं धाडस आहे.

ओढ पाहायची तर एन्येदींकडेच परत चला. बुडापेस्टचा कत्तलखाना, तिथला एका हातानं अधू अधिकारी एंद्रे आणि मांसाची प्रत तपासणारी मारिया. जनावरांना माजावर आणायची पावडर चोरीला जाते, त्या चौकशीत उघड होतं की दोघांना रोज रात्री एकच स्वप्न पडतं: बर्फातल्या जंगलात एक हरीण आणि एक हरिणी. जागेपणी मात्र मारियाला कुणाचा स्पर्श सोसत नाही. मग ती स्पर्शाचा सराव करते. उकडून कुस्करलेल्या बटाट्यात तळहात दाबते. बागेत गवतावर पडून राहते, पाण्याचे फवारे सुरू झाले तरी उठत नाही. त्या बटाट्यातल्या हाताइतकं कामुक दृश्य मी क्वचितच पाहिलंय. सिनेमाला २०१७ साली बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल मिळालं, ते योग्यच झालं.

कारोय माक्क यांचा 'अनदर वे' (१९८२) जरूर लावा. हंगेरीतला १९५६चा सोव्हिएतविरोधी उठाव चिरडल्यानंतरचा काळ, साल १९५८. एकाच साप्ताहिकातल्या दोन स्त्रिया एकमेकींच्या प्रेमात पडतात, त्यातली एक लष्करी अधिकाऱ्याची बायको. बागेतल्या बाकावर त्या जवळ येतात आणि पोलीस कागदपत्रं मागायला हजर! नांदेडात गोदावरीच्या घाटावर बसलेली पोरं-पोरी खाकी वर्दी दिसली की कशी चटकन दूर सरकतात, ते मी अनेकदा पाहतो; मला फार वाईट वाटतं. म्हणून तो बाक मला परका वाटत नाही. या सिनेमातल्या यादविगा यानकोव्स्का-चेश्लाक यांना कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

तुमच्या ज्येष्ठ सभासदांसाठी मात्र मार्ता मेसारोश यांचा 'अडॉप्शन' (१९७५) निवडा. कारखान्यात राबणारी त्रेचाळीस वर्षांची विधवा, तिचा विवाहित प्रियकर आणि त्याच्यापासून मूल हवं हा तिचा हट्ट. त्या वयाच्या बाईची इच्छा इतक्या आदरानं दाखवलेली आपल्याकडे फारशी दिसत नाही. त्यांना सपत्नीक बोलवा, आणि चर्चेत आधी काकूंना बोलू द्या.